शब्दांचे खेळ नीट कसे खेळायचे: वर्डल, स्पेलिंग बी, स्क्रॅबल आणि घरचा मराठी खेळ

आम्ही मराठी मीडियमवाले. इंग्लिश आलं पाचवीत, आणि बी-यू-टी बट तर पी-यू-टी पुट का, ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. स्पेलिंग म्हणजे घोकायची गोष्ट. बुधवार लिहायचा तर मनात "वेड-नेस-डे", सायकॉलॉजी लिहायचं तर "पी-साय-चो-लो-जी", आजही ऑफिसात मेल टाइप करताना माझे ओठ हलतात आणि शेजारचा पोरगा बघून हसतो. त्यामुळे स्पेलिंगचे खेळ लोक मजा म्हणून खेळतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही काय मजा, ही तर शिक्षा.

आता साडेतीन वर्षं झाली. कल्याण ते दादर रोजची लोकल, बसायला मिळालं तर दोन खेळ आणि उभं राहायला लागलं तर एक. कराडला आई आहे, वय ७४, ती पण खेळते, मामा आणि दोन मावश्या मराठीतून खेळतात, आणि चिरंजीव आम्हाला सगळ्यांना हरवून वर तोंड करून बोलतात. या सगळ्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय, जरा लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी खेळ ठरवा, आणि एकच ठरवा

पहिली चूक हीच होते की माणूस एका रात्रीत सहा ॲप टाकतो आणि आठवड्यात सगळी उडवतो. तसं करू नका. स्वतःला विचारा की तुम्हाला काय आवडतं. पाच मिनिटांत संपणारं आणि रोज एकदाच येणारं हवं असेल तर वर्डल. एखाद्या गोष्टीच्या मागे दिवसभर लागून राहायची सवय असेल, म्हणजे भाजी चिरतानाही डोक्यात तेच चालू, तर स्पेलिंग बी. समोर माणूस हवा, जिंकायचं-हरायचं हवं तर स्क्रॅबल. आणि इंग्लिश नकोच वाटत असेल तर थेट खाली मराठीच्या भागात जा, मला काही वाईट वाटणार नाही.

पेपरातलं शब्दकोडं सोडवणारी माणसं इथे लवकर रुळतात. आईने आयुष्यभर उभे-आडवे शब्द भरले, पेन्सिलीने, दुपारी भांडी आटोपल्यावर. तिला फक्त फोन शिकवावा लागला, खेळ नाही.

पंधरा मिनिटांची तयारी

शक्यतो ब्राउजरमध्ये खेळा, ॲपमध्ये नाही. फुकटच्या शब्दखेळांची बरीच ॲप म्हणजे दर दोन डावांनी जाहिरात, नाणी गोळा करा, हिंट हवी तर व्हिडिओ बघा, आणि रात्री साडेदहाला "तुमची आठवण येतेय" असं नोटिफिकेशन. त्यात शब्द कमी आणि जत्रा जास्त. ॲप घ्यायचंच असेल तर टाकल्या टाकल्या नोटिफिकेशन बंद करा, आणि कॉन्टॅक्ट किंवा लोकेशन मागितलं तर नाही म्हणा, शब्द जुळवायला त्याला तुमच्या मावशीचा नंबर कशाला पाहिजे?

फॉन्ट मोठा करा. कॉम्प्युटरवर कंट्रोल दाबून अधिकचं बटण, की झालं मोठं. वर्डलमध्ये सेटिंगला जाऊन हाय कॉन्ट्रास्ट करता येतं, मग हिरवा-पिवळा ऐवजी नारिंगी-निळा दिसतो, ज्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत त्यांना याचा फार उपयोग.

दुसऱ्या टॅबमध्ये डिक्शनरी उघडून ठेवा, खेळताना बघायला नाही, खेळ संपल्यावर बघायला. आणि एक वही. साधी शंभर पानी. ही वही नसेल तर बाकीचं सगळं नुसता टाइमपास आहे. टाइमपासला माझी ना नाही हो, पण मेंदूचा व्यायाम म्हणून खेळत असाल तर वही लागेलच. तिच्यात काय लिहायचं ते पुढे येतंय.

वर्डल: रोज एक शब्द, सहा संधी

पाच अक्षरी इंग्लिश शब्द ओळखायचा. अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नाहीच तर करडं. एवढाच नियम.

हा खेळ जोश वार्डल नावाच्या इंजिनिअरने आपल्या जोडीदारासाठी, पलक शाहसाठी बनवला. पाच अक्षरी शब्द होते साधारण १२,०००, त्यातले आपल्याला माहीत असलेले कोणते हे पलकने एकेक करून निवडलं आणि यादी अडीच हजाराच्या आसपास आली. १ नोव्हेंबर २०२१ ला हा खेळ ९० जण खेळत होते, दोन महिन्यांत तीन लाख, आणि जानेवारी २०२२ च्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, यातच खेळायची किल्ली आहे. उत्तर म्हणून येणारा शब्द नेहमीच्या वापरातला असतो, कारण मुळात एका माणसाने "हा मला माहितीये, हा नाही" असं करून यादी चाळलेली आहे. तेव्हा डिक्शनरीच्या तळातला शब्द अंदाज म्हणून चालेल, उत्तर म्हणून तो येणार नाही. साधं एस लावून केलेलं अनेकवचनही उत्तरात सहसा येत नाही. आणि स्पेलिंग अमेरिकन. जानेवारी २०२२ मध्ये "फेव्हर" हा शब्द यू शिवाय आला तेव्हा इंग्लंडातले लोक जाम चिडले होते, आपण शाळेत ब्रिटिश शिकलो त्यामुळे आपल्यालाही तिथे ठेच लागते.

पहिला शब्द कोणता, यावर लोक तास तास भांडतात. "अडियू" हा फ्रेंच निरोपाचा शब्द फार जण टाकतात कारण त्यात चार स्वर आहेत. मला तो पटत नाही. स्वर कळून फार उपयोग नसतो, शब्दाची बांधणी व्यंजनं सांगतात. मी "क्रेन" टाकते, सी-आर-ए-एन-ई, काही जण "स्लेट" टाकतात, दोन्ही चांगले. एक ठरवा आणि महिनाभर बदलू नका, म्हणजे त्याच्या पुढच्या वाटा हाताला बसतात.

आता माझाच एक हरलेला डाव दाखवते. क्रेन टाकलं, एन चौथ्या जागी हिरवा, बाकी चार करडे. दुसरा टाकला "माउंट", एम-ओ-यू-एन-टी. ओ, यू, एन हिरवे! मी खुश, तीन अक्षरं दुसऱ्याच फटक्यात. मग टाकला साउंड, नाही. पाउंड, नाही. हाउंड, नाही. बाउंड, नाही. संपले सहा. उत्तर होतं फाउंड. ठाकुर्लीला गाडी थांबली होती आणि मी फोनकडे बघत स्वतःलाच शिव्या घालत होते.

चूक कुठे झाली बघा. दुसऱ्या शब्दानंतर माझ्याकडे बाउंड, फाउंड, हाउंड, पाउंड, साउंड, वूंड आणि यंग असे सात शब्द उरलेले आणि संधी चार. एकेक टाकत गेलं तर नशिबावर हवाला. त्याऐवजी तिसऱ्या फटक्याला मुद्दाम चुकीचा शब्द टाकायचा, ज्यात यातली जास्तीत जास्त वेगळी अक्षरं एकदम तपासली जातील. उदाहरणार्थ "बुशी", बी-यू-एस-एच-वाय. हा उत्तर नाही हे मला माहीत आहे. पण बी पेटला तर बाउंड, एस पेटला तर साउंड, एच तर हाउंड, वाय तर यंग. चारातलं एकही नाही पेटलं तर उरले फक्त फाउंड, पाउंड, वूंड, आणि हातात संधी तीन. म्हणजे काहीही झालं तरी डाव सुटतोच. एक शब्द वाया घालवायचा आणि डाव वाचवायचा, हे जमलं की वर्डल जमलं. मात्र सेटिंगमध्ये हार्ड मोड चालू असेल तर हे करता येत नाही, तिथे मिळालेली अक्षरं पुढच्या शब्दात वापरावीच लागतात, त्यामुळे सुरुवातीला हार्ड मोडच्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक, ज्यात नवीन माणूस हमखास फसतो. एकच अक्षर दोनदा असलेला शब्द टाकला, समजा "स्पीड", आणि उत्तरात ई एकदाच असेल, तर एक ई पेटतो आणि दुसरा करडा होतो. करडा दिसला म्हणून ई नाहीच असं धरू नका. आईने पहिल्या आठवड्यात मला यासाठी तीनदा फोन केला, "अगं, एकदा आहे म्हणतंय, एकदा नाही म्हणतंय, तुझा गेम बिघडलाय."

स्पेलिंग बी: सात अक्षरं आणि दिवसभराचा भुंगा

हापण न्यूयॉर्क टाइम्सचाच, कॉम्प्युटरवर २०१८ मध्ये आला. मधमाशीच्या पोळ्यासारखी सात अक्षरं, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात पाहिजेच, शब्द कमीत कमी चार अक्षरी, आणि एक अक्षर कितीही वेळा वापरा. चार अक्षरी शब्दाला एक गुण, त्यापुढे जेवढी अक्षरं तेवढे गुण, सातही अक्षरं वापरली तर त्याला पॅनग्राम म्हणतात आणि वर सात गुण. पैसे न भरता थोडंच खेळता येतं, मग अडवतात. पण हा खेळ कागदावरही होतो, कोणताही सात वेगवेगळ्या अक्षरांचा शब्द घ्या आणि सुरू करा.

आपण किचन घेऊ. के, आय, टी, सी, एच, ई, एन, आणि मध्ये टी. आता काढा. काइट, थिंक, टीथ, टेंथ, नाइंथ, किटन, तिकीट म्हणजे टिकेट, थिकेट. चिरंजीव ओरडले चिकन! चालत नाही, चिकनमध्ये टी नाही. किचनमध्ये चिकन चालत नाही यावरून आमच्याकडे आठवडाभर विनोद झाले, विशेषतः श्रावणात. पॅनग्राम एक तर किचन स्वतः, सात अधिक सात चौदा गुण. पण दुसरा समोर असून दिसत नाही, "थिकन", तीच सात अक्षरं उलटसुलट. आणि तिसरा "किचनेट", छोटं स्वयंपाकघर, अकरा अक्षरी, अठरा गुण.

थिकन कसा सापडतो? नजरेने नाही, पद्धतीने. आधी शेपट्या बघायच्या. ई-एन आहे का, मग थिक ला लावून बघा. आय-एन-जी आहे का, ई-डी आहे का, सुरुवातीला यू-एन किंवा आर-ई बसतं का. मग जोड्या बघायच्या, सी-के, टी-एच, टी-सी-एच. टी-सी-एच दिसलं की इच, एच, हिच असे पटापट पडतात. मग अक्षरं हलवायचं बटण दाबा, तीच अक्षरं वेगळ्या जागी दिसली की डोळा वेगळं वाचतो, हे जादूसारखं चालतं. आणि अडलं तर सरळ बंद करा, दोन तासांनी उघडा. मला अर्धे शब्द कुकरची शिट्टी मोजताना सुचलेत.

एकूण गुणांच्या ७० टक्क्यांच्या आसपास गेलात की "जीनियस" अशी पदवी मिळते. तिथे थांबा. सगळे शब्द काढायचे म्हणून रात्रीची झोप घालवू नका, मी घालवली आहे, शेवटचा शब्द कुठल्यातरी परदेशी झाडाचं नाव निघालं.

स्क्रॅबल, थोडक्यात

थोडक्यात यासाठी की यावर लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने १९३० च्या मंदीत, हाताला काम नव्हतं तेव्हा, पेपरची पानं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून गुण ठरवले. म्हणून ई च्या सोंगट्या बारा आणि गुण एक, क्यू आणि झेड एकेकच पण गुण दहा. सगळ्या मिळून १०० सोंगट्या. सातही सोंगट्या एकदम लावल्या तर ५० गुण वरचे.

ऑनलाइन खेळायला वूगल्स ही साइट चांगली, जाहिराती नाहीत, माणूस नसेल तर कॉम्प्युटरशी खेळा, त्याचा दर्जा कमी-जास्त करता येतो. नवीन माणसाने एकच अभ्यास करावा, दोन अक्षरी शब्द. क्यू-आय, झेड-ए, एक्स-आय, जे-ओ एवढे चार पाठ केले तरी अवघड अक्षरं हातात अडकून राहत नाहीत. आणि आपल्यासाठी आनंदाची बातमी ही की आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जी कॉलिन्स डिक्शनरीची शब्दांची यादी चालते तिच्यात रोटी, घी, लाख, क्रोर, देसी, बंध, घेराव, जय हे सगळे शब्द आहेत. स्पेलिंग इंग्लिश पद्धतीचं टाका म्हणजे झालं. मी एकदा पुण्याच्या एका आजोबांविरुद्ध घेराव लावला, ते चॅटमध्ये म्हणाले, "ताई, युनियनमध्ये होतात काय?"

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद घेतलं, फ्रेंच बोलता येत नसताना, नुसते शब्द पाठ करून. थोर माणूस. पण आपल्याला ते नकोय, अर्थ माहीत नसलेला शब्द लावून मिळालेले गुण मला तरी फुकटचे वाटतात.

आता मराठी

इथे जरा घोळ आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. इंग्लिशमध्ये पाच अक्षरं म्हणजे पाच चौकोन, विषय संपला. मराठीत महाराष्ट्र हा शब्द किती अक्षरी? तुम्ही म्हणाल चार, म-हा-रा-ष्ट्र. एक्सेल उघडा, एका चौकटीत महाराष्ट्र लिहा आणि शेजारी एलईएन चं सूत्र लावा. उत्तर येतं १०. कारण कॉम्प्युटर म, ह, काना, र, काना, ष, पाय मोडल्याची खूण, ट, परत तीच खूण, र असं सुटं सुटं मोजतो. त्यामुळे मराठी शब्दखेळ निवडताना आधी बघा की तो अक्षर कशाला म्हणतो. मात्रेसकट अख्खं अक्षर एक धरणारा खेळ असेल तर खेळायला मजा येते, सुटे तुकडे मोजणारा असेल तर डोकं दुखतं.

टायपिंगचं म्हणाल तर फोनवर जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी भाषा जोडा, दोन मिनिटांचं काम. विंडोजवर भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला आणि मात्रेला ठरलेलं बटण, आणि २०१९ पासून मराठी फोनेटिकही आहे, म्हणजे इंग्लिश अक्षरांत उच्चार टाइप करा आणि मराठी उमटतं, विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून इंग्लिश-मराठी अदलाबदल होते. फोनेटिक लगेच जमतं. पण स्पेलिंगचा व्यायाम हवा असेल तर इनस्क्रिप्ट शिका, कारण फोनेटिक तुम्हाला तयार शब्द सुचवतं आणि ऱ्हस्व-दीर्घ स्वतःच ठरवून मोकळं होतं, इनस्क्रिप्टमध्ये वेलांटी पहिली की दुसरी ते तुम्हालाच ठरवावं लागतं. शिफ्ट आणि एन म्हणजे ळ, शिफ्ट आणि जे म्हणजे सुऱ्यातला ऱ, हे दोन लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

घरच्या ग्रुपवर आम्ही खेळतो तो खेळ सांगते, त्याला ॲप लागत नाही. एकाने चार अक्षरी शब्द मनात धरायचा. बाकीचे शब्द टाकणार, तो प्रत्येक अक्षराला रंग सांगणार. अक्षर मात्रेसकट बरोबर आणि जागा बरोबर तर हिरवा. मात्रेसकट बरोबर पण जागा चुकली तर पिवळा. आणि मूळ अक्षर आहे पण काना-वेलांटी वेगळी, तर निळा. हा निळा आम्ही वाढवला, त्याशिवाय मराठीत खेळ पुढेच सरकत नाही. बाकी सगळं काळं.

मामाने एकदा शब्द धरला. धाकटी मावशी म्हणाली "घरवाला". मामा: काळा, काळा, निळा, काळा. म्हणजे व आहे, पण वा नाही. ला काळा, म्हणजे ल नाहीच, मग ळ असेल का, हा विचार कोणीतरी करायला पाहिजे होता, आईने केला. तिने टाकलं "पाठशाळा". हिरवा, काळा, काळा, हिरवा. पा आणि ळा पक्के, मध्ये कुठेतरी व. मी टायपिंग करत होते तेवढ्यात तिचंच उत्तर आलं, "पावसाळा". तिसऱ्या फटक्यात. तेही ऑक्टोबरात, आमच्या कोणाच्या डोक्यात पाऊस नव्हता.

असेच अजून खेळ होतात. भेंड्या शब्दांच्या खेळा, शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, पण अट घाला की शब्द किमान चार अक्षरी. नाव-गाव-फळ-फूल व्हिडिओ कॉलवर झकास होतं, अमेरिकेतली भाचरंही येतात आणि ळ वरून गाव मागितलं की रडतात. उलटसुलट सारखी वाचली जाणारी वाक्यं करायला सांगा, "रामाला भाला मारा", "ती होडी जाडी होती" ही तपासून बघा, चोख आहेत. पण आपल्या सगळ्यांचं पाठ असलेलं "चिमा काय कामाची" कॉम्प्युटरला दिलंत तर तो नापास करेल, कारण सुरुवातीला चि आणि शेवटी ची. मला हे कळायला चाळिशी उलटावी लागली.

आणि शुद्धलेखनाचा खेळ. एकाने दोन रूपं टाकायची, बाकीच्यांनी बरोबर कोणतं ते कारणासकट सांगायचं, नुसतं "हे" म्हटलं तर अर्धाच गुण. बहीण की बहिण? बहीण, कारण शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार मराठी शब्दात दीर्घ. मग बहिणीला का ऱ्हस्व? कारण विभक्ती लागली, आता ती वेलांटी आत सरकली. तसंच फूल-फुलाला, वडील-वडिलांना. मग गुण, विष, मधुर का ऱ्हस्व? कारण ते संस्कृतातून जसेच्या तसे आले. परीक्षा, आशीर्वाद, महत्त्व, तज्ज्ञ, उज्ज्वल, यातले दोन तरी तुम्ही आत्तापर्यंत चुकीचे लिहीत आला असाल, मी चार लिहीत होते. शंका आली तर जुने कोश आता ऑनलाइन आहेत, मोल्सवर्थचा १८५७ चा आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो. मोल्सवर्थमध्ये एक शब्द बघायला गेलं की अर्धा तास जातो, हा इशारा समजा.

वहीत काय लिहायचं

चुकलेला शब्द. फक्त चुकलेला. जिंकलेले लिहू नका, ती नुसती शेखी. शब्द, त्याचा अर्थ, एक स्वतःचं वाक्य, आणि तो कुठून आला. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेत १९२५ पासून मुलांची जी राष्ट्रीय स्पेलिंग बी होते, आणि जी गेली कित्येक वर्षं बहुतेक वेळा भारतीय वंशाची मुलं जिंकतात, २०१९ मध्ये तर आठ जण विजेते आणि त्यातले सात आपले, तिथे मुलं शब्द ऐकल्यावर आधी विचारतात की हा कोणत्या भाषेतून आला. कारण त्यावरून स्पेलिंग निम्मं कळतं. सी-एच चा उच्चार क होतोय, केमिस्ट, कोरस, तर शब्द ग्रीक. श होतोय, शेफ, मशीन, तर फ्रेंच. फ साठी पी-एच आलं तर परत ग्रीक. शेवटी क आणि स्पेलिंग क्यू-यू-ई, बुटीक, तर फ्रेंच.

म्हणजे बघा, गुण ऱ्हस्व का आणि फूल दीर्घ का, याचं जे उत्तर तेच शेफ आणि चीफ वेगळे का याचं. शाळेत दोन्हीकडे आम्हाला घोकायला लावलं. हे कोणी पाचवीत सांगितलं असतं तर वेड-नेस-डे म्हणत बसायला लागलं नसतं.

दर रविवारी मागच्या आठवड्याचे शब्द हाताने झाकून एकदा लिहायचे. दहा मिनिटं. चुकला तर परत पुढच्या पानावर. बरोबर आला की त्यावर काट. एवढंच, ॲप नको, कार्ड नकोत.

मेंदूला खरंच उपयोग होतो का

होतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. २०१० मध्ये बीबीसीबरोबर एक मोठा प्रयोग झाला होता, ११,४३० लोक, सहा आठवडे मेंदूचे खेळ खेळले. जे खेळले त्यात सुधारले, बाकी कशात नाही. म्हणजे वर्डल खेळून तुम्ही वर्डल चांगलं खेळाल, चाव्या कुठे ठेवल्या ते आठवेलच असं नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत ल्युमॉसिटी हे मेंदूच्या खेळांचं ॲप चालवणाऱ्या कंपनीला स्मरणशक्तीबद्दल पुराव्याशिवाय दावे केल्याबद्दल वीस लाख डॉलर भरावे लागले. दुसरीकडे २०२२ मध्ये एक छोटा अभ्यास आला, ज्यांना थोडा विसराळूपणा सुरू झालाय अशा १०७ जणांचा, ७८ आठवडे, त्यात कॉम्प्युटरवर शब्दकोडी सोडवणाऱ्यांचा मेंदू मेंदूचे खास खेळ खेळणाऱ्यांपेक्षा बरा चालला. १०७ म्हणजे काही फार माणसं नाहीत, पण आईला मी तो आकडा सांगितला नाही, नुसतं शब्दकोडी जिंकली असं सांगितलं, ती खुश आहे.

पण घरात कोणी तेच तेच विचारायला लागलं असेल, ओळखीचा रस्ता चुकत असेल, तर खेळ डाउनलोड करून देऊ नका, डॉक्टरकडे न्या.

वेळ किती? वीस मिनिटं पुरे. मी सकाळी गाडीत आणि आई दुपारी चारला. रात्री अंथरुणात नाही, कारण एक सुटला नाही की माणूस दुसरा उघडतो.

आईवडिलांना लावून देताना

स्वतः शेजारी बसून पहिले चार-पाच दिवस खेळा, व्हिडिओ कॉलवर नाही, शेजारी. खेळाचं पान होम स्क्रीनवर चिकटवून द्या म्हणजे रोज शोधायला नको. हरल्यावर हसू नका. उत्तर आधीच सांगू नका, हा आमच्या घरात गुन्हा आहे.

आणि पैशाचं बघा. आईने एका ॲपवर "सात दिवस फुकट" असं बघून हो म्हटलं होतं, आठव्या दिवशी ७९९ कापले, दुसऱ्या महिन्यात परत ७९९, तिला वाटलं लाइटबिल गेलं. ॲप काढून टाकलं तरी पैसे कापायचे थांबत नाहीत, सबस्क्रिप्शन वेगळं बंद करावं लागतं. प्ले स्टोअरमध्ये वरच्या फोटोवर दाबा, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स, त्यात जे चालू दिसेल ते बंद. मग यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, तीही उघडा. आईच्या यादीत शब्दांच्या खेळाबरोबर एक भविष्य सांगणारं ॲपही निघालं, त्याबद्दल ती अजून काही बोलत नाही.